नेरुळ, कौलारू रो हाऊस: पोटमाळा, छप्पर उचलणं की स्लॅब? कोणता प्रकार घ्यावा?

नेरुळ_कौलारू (प्रश्न)

नमस्कार मंडळी. नेरुळला सिडकोचं जुनं रो हाऊस आहे, तळमजला अधिक पहिला मजला. पहिल्या मजल्यावर मंगळुरी कौलांचं दुपाखी छप्पर आहे. भिंती ९ इंची विटांच्या, लोड बेअरिंग (छपराचा भार भिंतीच घेतात). दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक. वरची खोली आतून १२ फूट रुंद आणि २० फूट खोल. पुढच्या-मागच्या भिंतीपाशी उंची ९ फूट, मध्ये आढ्याखाली १४ फूट. आढं रस्त्याला समांतर आहे. छपराला मध्ये एकच लाकडी कैची, तिचा आडवा दांडा ९ फुटांवर येतो.

मुलीला अभ्यासाची आणि झोपायची वेगळी जागा हवी आहे, शिवाय सामानासाठी थोडी साठवण. तिघांना विचारलं, तीन सल्ले मिळाले. सुतार म्हणतो, कैचीचा आडवा दांडा कापून लाकडी माळा घालू. फॅब्रिकेटर म्हणतो, आख्खं छप्पर ३ फूट उचलून पत्रा टाकू. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, कौलं काढा, सरळ स्लॅब टाका. बजेट मर्यादित आहे, पण स्वस्त म्हणून धोक्याचं काही नको. जाणकारांनी कृपया आकड्यांसकट सांगावं.

स्ट्रक्चरल_वाशी

मापं व्यवस्थित दिलीत, त्यामुळे नेमकं बोलता येईल. ताई, आधी उंचीचा हिशोब करा. साहित्य, दर, डिझाइन हे सगळं त्याच्या नंतर.

आढ्याखाली १४ फूट म्हणजे ४.२५ मीटर. यातले १५ सेंमी लगा (छपराखालच्या आडव्या तुळया) आणि छताच्या आतल्या अस्तरात जातात. खाली वावरायला किमान २.४ मी. ठेवा. माळ्याची स्वतःची जाडी (१०० मिमीचं चॅनेल, १८ मिमीचा बोर्ड, वरचं फ्लोअरिंग, खालचं अस्तर) सुमारे १५ सेंमी. उरले १.५५ मी., आणि तेही फक्त आढ्याच्या बरोबर खाली. तुमच्या छपराचा उतार साधारण २६ अंशांचा आहे, म्हणजे आढ्यापासून दर मीटरला उंची जवळजवळ अर्धा मीटर घटते. आहे त्या छपराखाली ट्रंका, गाद्या, हंगामी सामान उत्तम राहील. मुलीला तिथे ताठ उभं राहता येणार नाही.

आता ३ फूट उचलण्याचं पाहू. आढ्याखाली माळ्यावर २.४५ मी. मिळतील, पण पुढच्या-मागच्या भिंतीपाशी ९५ सेंमीच. मोठ्या माणसाला ताठ उभं राहता येईल असा साडेआठ फुटांचा पट्टा मध्ये मिळतो, हे खरं. मात्र २.२ मी. उंचीचा पट्टा जेमतेम १ मीटर रुंद निघतो, आणि वापरायच्या माळ्याला नियमाने किमान तेवढी उंची लागते. म्हणजे छप्पर बदलायचा, दोन्ही सामाईक भिंती चढवायचा, पुढची-मागची भिंत वाढवायचा सगळा खर्च करून कागदावर राहण्याजोगी खोली मिळतच नाही. तिन्ही सल्ल्यांत पैशाच्या दृष्टीने मला हा सर्वांत वाईट वाटतो.

सुताराचा सल्ला तर ऐकूच नका. कैचीचा आडवा दांडा हा ताण घेणारा घटक आहे. कौलांचं वजन दोन्ही तिरक्या वाशांना बाहेर ढकलत असतं आणि हा दांडा त्यांना धरून ठेवतो. तो कापला की आढं खाली बसतं, वाशांचे पाय पुढची-मागची भिंत बाहेर लोटतात आणि छपराखाली आडव्या भेगा येतात. हे एका दिवसात होत नाही. पावसात कौलं भिजून जड झाली की जोर वाढतो. दांडा अडचणीचा असेल तर आख्खी कैचीच काढायची आणि सामाईक भिंतीपासून सामाईक भिंतीपर्यंत लोखंडी लगा टाकायच्या. १२ फुटांचा गाळा आहे, तो कैचीविना सहज होतो. लगांचं वजन दोन्ही भिंतींवर सरळ खाली उतरतं, बाहेर ढकलणारा जोर राहतच नाही.

स्लॅबचं गणित असं. १२५ मिमी जाडीचा स्लॅब म्हणजे चौरस मीटरला ३१२ किलो. तुमच्या २२ चौ.मी.वर नुसता स्लॅबच जवळजवळ सात टन होतो. त्यावर वॉटरप्रूफिंगचा कोबा, भिंती आणि माणसांचा भार वेगळा. कोरडी कौलं चौरस मीटरला ४० किलोच्या आसपास असतात. भिंती दोन मजले आणि कौलं एवढ्याच हिशोबाने बांधलेल्या असतील, तर पायाजवळ खड्डा खोदून पायाची रुंदी, खोली आणि खालची माती पाहिल्याशिवाय कोणीही स्लॅबला हो म्हणू नये. खाडीलगतच्या नोड्समध्ये (सिडकोच्या वसाहतींमध्ये) भरावाखाली मऊ सागरी चिकणमाती असते. तिथे जास्तीच्या भाराने पाया एकसारखा न खचता एका बाजूने खचतो, आणि रो हाऊसमध्ये त्याच्या भेगा शेजाऱ्याच्या घरातही जातात.

तुम्हाला कोणी न सुचवलेला चौथा प्रकार आहे, तो म्हणजे एकपाखी छप्पर. पुढची वळचण ९ फुटांवर आहे तशीच राहू द्या. पुढचा उतार मध्यावर न थांबवता त्याच कोनात मागच्या भिंतीपर्यंत न्या. मागची भिंत तिथे ५.७५ मीटर होते. माळा फक्त मागच्या अर्ध्या भागात, १० × १२ फूट. त्यावर उंची मध्याकडे १.५५ मी. आणि मागच्या भिंतीपाशी ३.०५ मी. मिळते. २.२ मी.च्या वर असलेला पट्टा मागच्या भिंतीलगत १.७ मी. खोल आणि पूर्ण १२ फूट रुंद निघतो. मुलीचं टेबल आणि उभं राहायची जागा तिथे, पलंग कमी उंचीच्या बाजूला. पुढची अर्धी खोली उंच आणि मोकळी राहते. रस्त्यावरून घराचा पुढचा भागही आहे तसाच दिसतो.

भाराच्या दृष्टीनेही हे हलकं आहे. दोन्ही बाजूंना भिंतीचा त्रिकोणी तुकडा चढतो, प्रत्येकी साधारण ४.६ चौ.मी. १५० मिमीच्या एएसी ब्लॉकमध्ये (हलक्या सच्छिद्र काँक्रीटच्या विटा), दोन्हीकडच्या प्लास्टरसह, एका बाजूला सुमारे ७०० किलो. कौलं जाऊन ५० मिमीचं पफ पॅनेल (दोन पत्र्यांमध्ये फोम) आलं (चौरस मीटरला १० ते ११ किलो) की छपरातच ७०० किलोच्या आसपास वजन कमी होतं. मागच्या भिंतीचं वजन मात्र वाढेल, त्यासाठी खालची भिंत आणि तिथला पाया तपासावाच लागेल. नवीन भिंतीच्या माथ्यावर उतरता आरसीसी पट्टा आणि कोपऱ्यांत उभ्या सळया हव्यातच. आपला भाग भूकंपाच्या झोन ३ मध्ये येतो, सुटे त्रिकोणी तुकडे उभे ठेवायचे नाहीत.

फॅब्रिकेटर_तुर्भे

वाशीकर साहेबांशी सहमत. लोखंडाचं मी सांगतो, कारण माळे बिघडतात ते बहुधा इथेच.

१२ फुटांच्या गाळ्यावर बरेच जण ७५ मिमीचं चॅनेल वापरतात. ते तुटणार नाही. पण २ फुटांवर एक चॅनेल, माणसांचा भार चौरस मीटरला २०० किलो आणि बोर्ड, फ्लोअरिंग, लोखंडाचं मिळून ७५ किलो धरले, तर ते मध्यभागी सुमारे २४ मिमी वाकतं. मर्यादा लांबी भागिले ३००, म्हणजे १२ मिमी. माळा चालताना झुलतो, टाइल्स फुटतात, अस्तराचे सांधे उघडतात. १०० मिमीचं चॅनेल (मीटरला साडेनऊ किलोच्या आसपास) तेवढ्याच भाराला १० मिमीच्या आत राहतं. पर्याय म्हणून १०० × ५० × ४ चा चौकोनी पाइप सुचवला जातो, पण तो तेवढ्याच भाराला १३ ते १४ मिमी वाकतो, म्हणजे मर्यादेबाहेर जातो. शिवाय बाजारात ४ म्हणून ३.२ चा पाइप सहज खपवला जातो.

१० फूट खोलीच्या माळ्याला २ फुटांवर एक अशी ६ चॅनेल लागतात. भिंतीत शिरणारा भाग धरून प्रत्येक ३.८ मी., एकूण २१८ किलोच्या आसपास. जिन्याच्या तोंडाशी येणारं चॅनेल जोडचॅनेल करा. २ फुटांचं अंतर अशासाठी की ८ × ४ च्या बोर्डाचा प्रत्येक सांधा चॅनेलवरच पडतो. सांधा अधांतरी आला तर तो पुढेमागे तुटणारच.

टोकं भिंतीत कशी बसवायची हा सगळ्यात नाजूक भाग आहे. भिंतीला अँगल लावून तो फास्टनरने टांगायचा, ही पद्धत आरसीसी बीमवर ठीक आहे, जुन्या विटांत नाही. एक्स्पान्शन फास्टनर विटेला आतून फाकवतो. वीट पोकळ किंवा भुसभुशीत असली तर केमिकल अँकरवरही भरवसा ठेवता येत नाही. प्रत्येक टोकाला सुमारे ३०० किलो येतात, ते विटेवर टेकूनच उतरले पाहिजेत. भिंतीत साडेचार इंच खोल खाच, तळाशी एम-२० काँक्रीटची ६ इंच जाड उशी, त्यावर चॅनेल, भोवती नॉन-श्रिंक ग्राउट (वाळताना न आकसणारा गिलावा). खाच कटर आणि छिन्नीने काढा. ब्रेकर लावला की शेजाऱ्याकडचं प्लास्टर पडतं. ९ इंची भिंतीत पलीकडच्या घराने त्याच उंचीला खाच घेतलेली असेल तर तुमची खाच तिथे नको, भिंत आरपार मोकळी होते. हे शेजाऱ्याच्या घरात जाऊनच पाहावं लागतं.

कोणी म्हणेल, भिंतीला हातच नको, चार खांब उभे करू. ते खांब पहिल्या मजल्याच्या स्लॅबवर कुठेही उभे करता येत नाहीत. खाली भिंत किंवा बीम असेल तिथेच, आणि तेही बेस प्लेटवर.

बोर्ड १८ मिमीचा सिमेंट फायबर किंवा बायसन (सिमेंट आणि लाकडाच्या भुशाचा) घ्या. १२० चौ.फुटांना हिशोबाने पावणेचार बोर्ड, कटिंग धरून ५ मागवा. एक बोर्ड ७० किलोच्या वर भरतो, गल्लीतून दोन माणसं त्याला पुरत नाहीत. चॅनेल आणि बोर्डाच्या मध्ये ३ मिमीची रबर पट्टी, स्क्रू ८ ते १० इंचांवर, सांध्यात ३ मिमी फट ठेवून पीयू सीलंट. रबर पट्टी टाळली की दोन पावसाळ्यांत माळा कुरकुरायला लागतो. वरून टाइल्स नकोत, व्हिनाइल टाका.

दर ठरवताना चौरस फुटाने घेतलात तर जाडी कमी होते, नुसत्या किलोने घेतलात तर वजन फुगतं. ड्रॉइंगमध्ये सेक्शन आणि एकूण वजन लिहून घ्या, किलोने दर ठरवा, काट्याची पावती मागा, आणि ड्रॉइंगपेक्षा ५ टक्क्यांहून जास्त वजनाचे पैसे द्यायचे नाहीत असं आधीच लिहून ठेवा. नेरुळची हवा खारी आहे, म्हणून वेल्डिंगचा प्रत्येक सांधा घासून एपॉक्सी प्रायमर द्या. भिंतीत जाणाऱ्या टोकाला दोन हात आधीच, खाचेत बसवण्यापूर्वी.

वास्तुविशारद_ठाणे

कागदांबद्दल. नवी मुंबई आणि ठाणे दोन्हीकडे राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली (२०२०) लागू आहे. त्यात लॉफ्ट म्हणजे फक्त साठवणीची जागा, आतली उंची जास्तीत जास्त १.५ मी. त्याहून उंच आणि वापरायचा असेल तो मेझनिन, आणि त्याला किमान २.२ मी. मोकळी उंची हवी. मेझनिन एफएसआयमध्ये (भूखंडावर किती बांधकाम करता येतं त्या मर्यादेत) धरला जातो. त्यामुळे पहिलं काम एकच: मंजूर नकाशा काढून किती एफएसआय वापरला आहे आणि किती शिल्लक आहे ते पाहणं. मागे-पुढे आधीच खोली काढलेली असेल तर शिल्लक शून्यही निघू शकते. मग एकपाखी प्रकार तांत्रिकदृष्ट्या कितीही चांगला असला तरी मंजूर होणार नाही, आणि तुम्हाला १.५ मी.च्या साठवणीच्या माळ्यावरच थांबावं लागेल.

एकपाखी छपरात २.२ पेक्षा कमी उंचीचा पट्टा नकाशावर वेगळा दाखवायचा, साठवण म्हणून. राहण्याच्या भागात तो मिसळला की शेरा येतो. राष्ट्रीय बांधकाम संहितेनुसार मेझनिनवर स्वयंपाकघर चालत नाही, त्याचे छोटे कप्पे करता येत नाहीत, आणि खालच्या-वरच्या जागेची हवा अडता कामा नये. म्हणून पुढची कड उघडी ठेवा, कठडा करा, भिंत घालू नका.

सिडकोची जमीन भाडेपट्ट्याची असल्याने आधी सिडकोची ना हरकत, मग महापालिकेच्या नगररचना विभागाकडे परवानगी. ठाण्यात फ्रीहोल्ड भूखंड असेल तर पहिला टप्पा नसतो. सामाईक भिंत चढवायची म्हणून दोन्ही शेजाऱ्यांची लेखी संमती घ्या, तोंडी नको. घर ३० वर्षांहून जुनं असेल तर संरचनात्मक लेखापरीक्षण तसंही करायचंच आहे, तेच अर्जाला जोडा. परवानगीविना छप्पर चढवलं तर एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना) कायद्याच्या कलम ५३ ची नोटीस येऊ शकते आणि पाडायचा खर्चही तुमच्याच माथी बसतो.

नेरुळ_कौलारू

खूपच उपयोगी माहिती, मनापासून आभार. एकपाखी प्रकार पटला. मंजूर नकाशा काढायला देते. दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. घराची मागची बाजू पश्चिमेला आहे, तिथे मागच्या घरांपर्यंत मोकळी जागा आहे. डावीकडच्या शेजाऱ्यांनी स्लॅब टाकलेला आहे, उजवीकडे जुना सिमेंटचा पत्रा आहे. वर उकडेल का, पाऊस आत येईल का, आणि जिना कुठून घ्यावा?

छप्पर_आणि_गळती

मागची बाजू पश्चिमेला म्हणजे मान्सूनचा वारा आणि तिरका पाऊस नेमका तुमच्या उंच भिंतीवर येणार. एकपाखी छपराची वरची कड तिकडेच आहे, त्यामुळे तिथे छज्जासारखं पत्र्याचं टोक लांब बाहेर काढू नका, ९ ते १२ इंच पुरे. जास्त काढलं की वारा खालून शिरून पॅनेल उचलतो. आयएस ८७५ या भारतीय मानकानुसार मुंबई परिसरासाठी वाऱ्याचा मूलभूत वेग सेकंदाला ४४ मीटर धरतात. त्याचा दाब गुणक लावण्याआधीच चौरस मीटरला सुमारे ११८ किलो होतो, आणि तुमचं पॅनेल फक्त ११ किलोचं आहे. म्हणजे लगा खाली दाबल्या जाण्यापेक्षा वर उचलल्या जाण्याची चिंता मोठी. १०० × ५० × ३ पाइपच्या ७ लगा, साधारण १.१५ मी. अंतरावर, प्रत्येक टोक आरसीसी पट्ट्यात आधीच सोडलेल्या १२ मिमीच्या अँकरला बोल्ट केलेलं. नुसतं विटेत चिणून सोडलेलं टोक वादळात टिकत नाही.

पॅनेल उतारावर ७.४ मी. लांबीचं अखंड मिळतं, सांधा नको असेल तर तेच घ्या. गल्लीत ट्रक वळतो का ते आधी बघा. वळत नसेल तर एक सांधा लगेवर, २०० मिमी ओव्हरलॅप, मध्ये ब्यूटाइल टेपच्या दोन ओळी. स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर, घळीत नाही. ईपीडीएम (रबरी) वॉशर थोडा फुगेल इतकंच आवळा. जास्त आवळला की वॉशर चिरतो आणि दुसऱ्या पावसात थेंब सुरू होतात. पॅनेलची कापलेली कड उघडी ठेवू नका, फोममध्ये मुंग्या आणि उंदीर घर करतात. पत्र्याची टोपी लावून बंद करा.

गळती खरी होते ती सामाईक भिंतीपाशी. तुमची भिंत शेजाऱ्याच्या छपराच्या वर चढणार, म्हणजे त्यांच्या छपरावर तुमच्या भिंतीचं पाणी ओघळणार. भिंतीत २५ मिमी खोल खोबण कापून फ्लॅशिंग (सांधा झाकणारी पत्र्याची पट्टी) त्यात घाला, पीयू सीलंट भरा, छपरापासून किमान ६ इंच वर चढवा. हे दोन्ही शेजाऱ्यांकडे आणि तुमच्या खर्चाने. प्लास्टरवर नुसतं चिकटवलेलं फ्लॅशिंग उन्हाने सुटतं.

उजवीकडचा जुना सिमेंटचा पत्रा बहुधा ॲस्बेस्टॉसचा असणार. फ्लॅशिंगसाठी त्याला ग्राइंडर लावायचा नाही, भोक पाडायचं नाही, तोडायचा नाही. कडेचा पत्रा हलवावाच लागला तर पाणी मारून ओला करा, बोल्ट हाताने कापा, अख्खा उतरवा आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळा. कामगारांना साधा कापडी रुमाल चालत नाही, बारीक तंतू अडवणारा एफएफपी-३ किंवा पी-१०० दर्जाचा मास्क द्या.

उकाड्याचं म्हणाल तर ५० मिमी पफ पुरेसं आहे. ३० मिमीमध्ये एप्रिल-मे जड जातो. पण गरम हवा वर साठतेच. मागच्या भिंतीत अगदी माथ्याजवळ लूव्हरची (तिरक्या पट्ट्यांच्या झरोक्याची) पट्टी आणि त्याखाली खिडकी, असं दोन्ही द्या. दमट हवामानासाठी खिडक्यांचं क्षेत्र जमिनीच्या सहाव्या भागाइतकं हवं. १२० चौ.फुटांना २० चौ.फूट होतात. पश्चिमेची खिडकी म्हणून तिच्यावर २ फुटी छज्जा आणि उभे बाजूपट्टे, नाहीतर जुलैत टेबल भिजेल. माळ्याखाली २.४ मी.च उंची असल्यामुळे तिथे छताचा पंखा लावू नका, भिंतीवरचा लावा.

सगळं पाणी आता पुढच्या वळचणीला येणार, आधीच्या दुप्पट. पन्हळ ६ इंची आणि ११० मिमीचे दोन पाइप, दोन टोकांना. एक तुंबला तर दुसरा वाहता राहतो.

स्ट्रक्चरल_वाशी

जिन्याचं सांगतो, कारण एकपाखीत हीच गफलत होते. माळ्याच्या कडेला जिना संपवलात तर तिथे डोक्यावर फक्त १.५५ मी. आहेत. वरच्या पायरीवर डोकं आपटणार. जिना सामाईक भिंतीलगत ठेवा, माळ्याच्या कडेच्या ५ फूट अलीकडून सुरू करा आणि साडेपाच फूट आत नेऊन संपवा. तिथे २.३५ मी. उंची मिळते. चढायचे २.५५ मी. म्हणजे १८२ मिमीच्या १४ चढी, २५० मिमीच्या १३ पायऱ्या, एकूण धाव ३.२५ मी. माळ्यात ३ × ५.५ फुटांचं तोंड कापलं जातं, १६ चौ.फूट गेले असं धरा. त्या तोंडाला आणि पुढच्या कडेला १ मी. उंच कठडा, गजांमधलं अंतर १० सेंमीपेक्षा कमी. गोल जिना जागा वाचवतो, पण त्यावरून गादी किंवा टेबल वर जात नाही.

माळ्याच्या खाली स्वयंपाकाची जागा ठेवू नका. धूर आधी वर साठतो आणि उतरायची वाट एकच आहे. धूर कळवणारा डिटेक्टर माळ्याच्या छताला लावा.

कामाचा क्रम: परवानगी हातात आल्यावर खाचा, उशा आणि चॅनेल जुन्या छपराखालीच बसवून घ्या, पावसाळ्यातसुद्धा करता येतं. भिंत चढवणं आणि छप्पर उघडणं दसऱ्यानंतरच. आरसीसी पट्ट्याला पाणी मारण्याचे दिवस धरून पॅनेल फेब्रुवारी-मार्चपर्यंत चढवा. म्हणजे मेच्या अखेरीपर्यंत फ्लॅशिंग पाइपने पाणी मारून तपासायला आणि गळती निघाली तर दुरुस्त करायला वेळ उरतो.